उड्डाणाची जागा सात मीटर

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज साहेबांनी एक करडा खोका माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "हे आता तुमचं." उघडला तर ड्रोन. चार पंखे, पोटाखाली एक डोळा, आणि उशीला घेता येईल एवढं जाड माहितीपुस्तक. सव्वीस वर्षं मी जमीन मोजतोय. साखळीने मोजली, फितीने मोजली, तिपाईवर दुर्बीण लावून मोजली, आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी म्हणे वरून मोजायची. मी म्हटलं, "साहेब, मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं." ते म्हणाले, "चढायचं त्याने आहे. तुम्ही खालीच उभे राहा."

त्यांचंही चुकत नाही. खाडीकाठचा अकरा किलोमीटरचा बांध खचत चाललाय. पायी मोजायला गेलं तर भरती येईपर्यंत पाव भागही होत नाही. गेल्या वर्षी आमचा एक माणूस कमरेपर्यंत चिखलात रुतला होता, त्याला दोर लावून काढावं लागलं. बांधाच्या मागे वस्ती आहे. फेब्रुवारीअखेर आकडे हवेत, म्हणजे मोठ्या उधाणाआधी दुरुस्ती होईल.

खोक्याच्या तळाशी एक नकाशा होता. सवयीने जमिनीचा समजून उलगडला, तर तो आकाशाचा निघाला! निळ्या रेघा, तांबड्या रेघा, चौकोन, वर्तुळं, प्रत्येकावर आकडे. आमच्या बांधाच्या बरोबर डोक्यावर एक लांबट तांबडा चौकोन. कुंपणाच्या वीतभर जागेवरून भांडणाऱ्यांच्या हद्दी ठरवण्यात माझा जन्म गेला, आणि डोक्यावर एवढ्या हद्दी आखून ठेवल्यात याचा मला पत्ताच नव्हता. जेवतानाही नकाशा ताटाशेजारी होता. ताईने पाण्याचा पेला त्यावरून उचलून दुसरीकडे ठेवला.

५ नोव्हेंबर, गुरुवार

पुस्तक वाचतोय. आकाशातल्या काही जागा कायमच्या बंद, तिथे कुणीच जायचं नाही. काही ठरावीक वेळी बंद, विचारून जायचं. काही जागी अडवायला कुणी नाही, पण आत धोका आहे, पुढे जीव तुमचा. काही जागी शिकाऊ वैमानिक फिरत असतात, तिथे डोळे उघडे ठेवायचे. या सगळ्यांना तळ असतो आणि छत असतं, आणि गंमत म्हणजे तळ जमिनीला टेकलेला असेलच असं नाही.

हे मी ताईला समजावत होतो. दोन दिवसांत पाचव्यांदा. ती निवृत्त नर्स, कुणाचंही ऐकून घ्यायची सवय आहे तिला, पण आज तिनेही हात टेकले. म्हणाली, "अरे, म्हणजे इमारतच ना? खाली एक बिऱ्हाड, वर दुसरं. वरच्यांना विचारल्याशिवाय वर जायचं नाही. एवढ्यासाठी चारशे पानं?"

एवढ्यासाठीच चारशे पानं. बांधावर दोन बिऱ्हाडं आहेत. चिखलाच्या पलीकडे तोफांच्या सरावाचं मैदान आहे, म्हणून समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरपर्यंतचा खालचा मजला त्यांचा. सराव असेल तर तो बंद, नसेल तर विचारून जाता येतं. दीडशेच्या वर, सहाशेपर्यंत, हेलिकॉप्टर शिकणाऱ्यांचा मजला. तिथे आपलं काही काम नाही, कधीच नाही.

मग मला प्रश्न पडला की ढगांनी कुणाला विचारायचं. ताई म्हणाली, झोप आता.

१४ नोव्हेंबर, शनिवार

पास झालो! पन्नासपैकी सत्तेचाळीस. चुकलेल्या तिनांपैकी एक मात्र जिव्हारी लागला. ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची कुठून मोजलेली असते? मी लिहिलं, समुद्रसपाटीपासून. बरोबर उत्तर, ड्रोन जिथून उडाला तिथून. म्हणजे तुम्ही डोंगरावर उभं राहून उडवलात तर डोंगर त्याच्या हिशेबातच नाही. मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. घाईत झालं. पण मोजणीदाराने पातळी चुकवावी म्हणजे शिंप्याने माप विसरावं. परीक्षकाने पेपर परत देताना त्या ओळीवर बोट ठेवलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवाना तीन महिन्यांचा, तात्पुरता. या काळात मजल्याची हद्द ओलांडली तर तो रद्द, आणि पुन्हा मिळणं नाही. साहेबांनी हे मला दोनदा वाचून दाखवलं. ऑफिसात दुसरा कुणी पास झालेला नाही. परवाना गेला की मी नकाशांच्या खोलीत, आणि बांध पुन्हा दोर आणि चिखलाच्या स्वाधीन.

१६ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून सुरुवात. नियम असा: रोज उडवण्याआधी सकाळी सव्वाआठला नियंत्रण केंद्राला फोन करायचा. तिकडून यादीतले पाच प्रश्न विचारतात, आपण उत्तरं द्यायची, ती लिहून घेतात आणि परत वाचून दाखवतात. सगळं ध्वनिमुद्रित होतं. मला घाम फुटला होता.

पलीकडे एक बाई. आवाज शांत, जरा खालच्या पट्टीतला. परवाना क्रमांक? सांगितला. कोणता पट्टा? बांधाचा पहिला किलोमीटर. उड्डाणाची जागा समुद्रसपाटीपासून किती उंच? बांधाचा माथा सात मीटर, मी स्वतः पाणसळ लावून काढलेला आकडा आहे. तिथून किती वर जाणार? शंभर. म्हणजे एकशेसात, छताच्या आत. किती वेळ? चाळीस मिनिटं.

"खालचा भाग आज थंड आहे," त्या म्हणाल्या. थंड म्हणजे तोफा बंद. चालू असल्या की म्हणतात गरम. "जा तुम्ही."

मी विचारलं, "मॅडम, छत दीडशेच का? एकशेसाठ का नाही?"

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही. बघून सांगते."

१७ नोव्हेंबर, मंगळवार

त्यांनी खरंच बघून ठेवलं होतं. मैदानातल्या सगळ्यात मोठ्या तोफेचा गोळा नव्वद मीटर वर जातो, त्यावर साठ मीटर सुरक्षेचे. मी विचारलं, वाऱ्याच्या दिवशी गोळा जास्त वर जात असेल का? त्या हसल्या. म्हणाल्या, "मोजणीदार, तुम्ही आधी उडवा. रोज एक प्रश्न, बरं का. दोन नाही."

२५ नोव्हेंबर, बुधवार

तीन किलोमीटर झाले. चित्रं इतकी स्वच्छ येतात की बांधाच्या दगडातली भेग दिसते. चौथ्या किलोमीटरला एक जागा हातभर खचली आहे, वस्तीच्या बरोबर समोर. साहेबांना दाखवलं, ते खुर्चीतून उठलेच.

आजचा प्रश्न: शिकाऊ हेलिकॉप्टर चुकून खाली आलं तर? उत्तर: त्यांच्या परवान्याचं जे होईल तेच तुमच्या परवान्याचं तुम्ही वर गेलात तर. हद्द दोघांनाही सारखीच.

आज मात्र त्यांनी उलटा प्रश्न केला. "बांध वरून कसा दिसतो हो?" म्हणजे एकोणीस वर्षं हा तांबडा चौकोन त्या सांभाळतायत, त्याचा कोपरान् कोपरा त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या खोलीला खिडकी नाही. मी सांगितलं, पाणी ओसरलं की चिखलात ओघळांच्या रेघा पडतात, झाडाच्या फांद्यांसारख्या, आणि पांढरे पक्षी सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. त्यांनी विचारलं, "कोणत्या दिशेला?" मी बघितलं नव्हतं. उद्या बघून सांगतो म्हटलं.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

वाऱ्याच्या दिशेला.

२ डिसेंबर, बुधवार

आज गरम. तोफा दुपारपर्यंत. उडवायचं नव्हतं तरी फोन अकरा मिनिटं चालला. कारण मला तोफांच्या सरावाच्या नोटिशीतल्या वेळा समजत नव्हत्या. त्या जगभर सारखी धरतात अशा एका वेळेत लिहितात, आपल्या घड्याळाप्रमाणे नाही. बाईंनी समजावलं. मग त्यांच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या वडिलांनी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलंय हे सांगितलं. घरी त्या आणि वडील, दोघंच. हे त्यांनी मला का सांगितलं कोण जाणे. माहिती म्हणून लिहून ठेवतो.

९ डिसेंबर, बुधवार

सकाळी दाढी करत होतो. ताई दारात उभी. "आठच्या आत दाढी? तू?"

मी म्हणालो, कामाला शिस्त लागते. परवाना असलेल्या माणसाने नीट असावं.

"पण बांधावर पक्षी आणि तू. बघतंय कोण?"

"सव्वाआठला फोन असतो."

"असं होय. फोनवर दाढी दिसते वाटतं आता."

तिचं लग्न जमलं नाही आणि माझं जमवायचं राहून गेलं, त्यामुळे एकमेकांच्या खोड्या काढायला आम्हाला अख्खं घर मोकळं आहे. मी लक्ष दिलं नाही. सहा किलोमीटर झाले, ते महत्त्वाचं.

१५ डिसेंबर, मंगळवार

केंद्रावर आज दुसरेच कुणीतरी, पुरुष. बाई रजेवर. त्याने पाचही प्रश्न रेल्वेच्या घोषणेसारखे विचारले, आकडे परत वाचून दाखवले, फोन ठेवला. दोन मिनिटांत आटोपलं. नियमाला धरून होतं सगळं, तक्रार करायला जागा नाही. तरी दिवस बेकार गेला. चित्रंही तिरकी आली. वारा असावा.

१६ डिसेंबर, बुधवार

बाई परत आल्या. वडिलांना ताप होता. आता बरा आहे. चित्रं सरळ आली.

१८ डिसेंबर, शुक्रवार

नऊ किलोमीटर पूर्ण. शेवटचे दोन उरले, पण बांध तिथे वळतो आणि माझ्या जागेवरून ड्रोन दिसेनासा होतो. डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे असा नियम आहे. वळणावर एक टेकडी आहे, तिच्या माथ्यावरून दोन्ही किलोमीटर दिसतील. आज चढून पाहून आलो. धाप लागली, पण जागा फक्कड आहे. तिथून नियंत्रण केंद्राची इमारतही दिसते, चौकोनी, पांढरी, खरोखरच बिनखिडक्यांची. एका चित्रात चिखल, पक्षी, बांध आणि ती इमारत असं सगळं बसेल. कुणाला दाखवायला म्हणून नव्हे. संदर्भाला बरं.

२१ डिसेंबर, सोमवार, सकाळ

टेकडीवर बसून लिहितोय. पाठीवर सामान घेऊन चढलो, माथ्याचा दगड अठ्ठ्याऐंशी मीटरचा, जुन्या मोजणीतली खूण अजून तशीच आहे. हवा इतकी निवळ आहे की समुद्राची कड दिसतेय.

आत्ताच फोन झाला. आजचा भाग थंड. आज बाई खुशीत होत्या. पट्टा सांगितला, तर त्या म्हणाल्या, "हं, आणि उड्डाणाची जागा सात मीटर, वर शंभर, वेळ चाळीस मिनिटं. पाठच झालंय मला! बरोबर ना?" माझ्या आधीच! मी म्हणालो, "बरोबर." मग आजचा प्रश्न त्यांनीच विचारला, की इतकी वर्षं जमीन मोजल्यावर झोपेतही माणूस मोजतो का. मी म्हणालो, पावलं मोजतो, पायऱ्या मोजतो, लोकांच्या खोल्यांची लांबी मोजतो. त्या म्हणाल्या, "मग माझ्या खोलीला खिडकी किती बाय किती हवी ते सांगा एकदा."

माझे सात मीटर कुणी पाठ करेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बॅटरी लावतो आता.

२१ डिसेंबर, दुपार

घडलं ते क्रमाने लिहितो.

ड्रोन वर होता. पडद्यावर शंभर मीटर. बांध छान दिसत होता, मी पांढऱ्या इमारतीकडे डोळा वळवत होतो. तेवढ्यात आवाज आला. मी ड्रोनच्या वर पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मग पडद्यावर पाहिलं, आणि तोंडचं पाणी पळालं. हेलिकॉप्टर ड्रोनच्या खालून चाललं होतं. वरून त्याचं फिरतं पातं दिसलं, शेपटीवरचा पिवळा पट्टा दिसला, काचेतून दोन शिरस्त्राणंसुद्धा दिसली. जास्तीत जास्त पंचवीस मीटरचं अंतर. मग ते पुढे निघून गेलं.

अठ्ठ्याऐंशी आणि शंभर, एकशेअठ्ठ्याऐंशी. छताच्या अडतीस मीटर वर. मी त्यांच्या मजल्यावर उभा होतो, दारही न ठोठावता. आत दोन माणसं होती, त्यातलं एक शिकणारं.

ड्रोन खाली आणला. दगडावर बसलो. हेलिकॉप्टर सरळ गेलं होतं, वळलं नव्हतं, म्हणजे त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. परवाना खिशात होता आणि तो खिशातच राहिला असता. दहा मिनिटं मी बसून होतो, खोटं कशाला बोलू, मनात सगळं येऊन गेलं. बांध, नकाशांची खोली, साहेबांचा चेहरा. पण उद्या पुन्हा सव्वाआठला फोन करायचा होता. त्यांना "सगळं ठीक" म्हणताना जीभ वळली नसती.

फोन केला. "मॅडम, मी टेकडीवर आहे. अठ्ठ्याऐंशी मीटर." पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "ड्रोन जमिनीवर आहे का?" आहे. "बॅटरी काढा." काढली. "वेळ सांगा." सांगितली. इतका परका आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. शेवटी म्हणाल्या, "कळवलंत, बरं केलंत," आणि फोन ठेवला.

२२ डिसेंबर, मंगळवार

अहवालाचा फॉर्म आला. काय घडलं, किती वाजता, किती उंचीवर, ते सगळं भरलं. आकडे खरे लिहिले. शेवटी एक मोठी चौकट, 'कारण'.

त्या चौकटीपाशी तासभर बसलो. यादीतला प्रश्न त्यांनी विचारायचा आणि उत्तर मी द्यायचं असा नियम आहे. त्यांनी विचारलं नाही, स्वतःच सांगितलं. हे लिहिलं तर एकोणीस वर्षांची नोकरी माझ्या 'बरोबर'पायी पणाला. आणि मी 'बरोबर' का म्हणालो, हे सरकारी कागदावर लिहिण्यासारखं आहे का?

लिहिलं: 'नेहमीच्या सवयीने मी उड्डाणाची जागा सात मीटर अशी चुकीची सांगितली. चूक पूर्णपणे माझी.'

ताईने वाचलं. म्हणाली, "असंच झालं होतं?"

"साधारण."

"साधारण म्हणजे नाही." तिने चष्मा काढला. "वॉर्डात चुकीचं औषध गेलं की आम्ही कुणाचं नाव पुढे करायचो माहितीय? स्वतःचं. चांगल्या डॉक्टरला वाचवायला. मग महिन्याने तेच औषध पुन्हा चुकायचं. कारण खरी चूक कुणी लिहिलेलीच नसायची."

मी म्हणालो, हे वेगळं आहे. तिने विचारलं, कसं वेगळं? मी फॉर्म पाठवून दिला.

२४ डिसेंबर, गुरुवार

चौकशी होईपर्यंत उड्डाण बंद, आणि केंद्राशी फोनवर बोलायला मनाई. सव्वाआठला मी स्वयंपाकघरात उभा होतो. ताईने चहा दिला. साडेआठला म्हणाली, "घोटभर तरी घे, गार झाला." मला बांधाची काळजी वाटतेय. हवा किती छान आहे, नुसती वाया चाललीय.

२९ डिसेंबर, मंगळवार

आज एक प्रश्न सुचला. हेलिकॉप्टरच्या मजल्याच्या वर, सहाशेच्या पलीकडे काय आहे? कुणाचा मजला? पुस्तकात सापडेल. पुस्तक उघडून बसलो आणि मिटलं. मला पुस्तकाकडून ऐकायचं नव्हतं.

हे लिहिल्यावर जरा चमकलोच. पण खरं आहे ते, राहू दे.

६ जानेवारी, बुधवार

आज चौकशी झाली. हे नियंत्रण केंद्राच्या त्या पांढऱ्या इमारतीत, मधल्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितोय. तारखा विचारतील म्हणून डायरी सोबत आणली होती.

चौकशी अधिकारी साठीचे, बारीक आवाजाचे, कानात यंत्र. त्यांनी माझा फॉर्म पुढ्यात ठेवला आणि ध्वनिमुद्रण लावलं. 'पाठच झालंय मला! बरोबर ना?' 'बरोबर.' त्या बंद खोलीत ते दोन आवाज इतके आनंदात होते की मला मान वर करवेना.

"तुम्ही लिहिलंय, सात मीटर तुम्ही सांगितले. इथे तर त्या सांगतायत."

मी डायरीची कड सरळ केली.

"कुणाला वाचवताय?"

"साहेब, परवाना माझा आहे. चूकही माझीच."

"हा कागद शिक्षेसाठी नाही हो," ते म्हणाले. "हा पुढच्या माणसासाठी आहे. तुम्ही खोटं कारण लिहिलंत तर आम्ही खोटी गोष्ट दुरुस्त करत बसणार, आणि खरी तिथेच राहणार. त्या हेलिकॉप्टरमधली पोरगी वीस वर्षांची आहे. पुढच्या वेळी पंचवीस मीटर नसतील." मग म्हणाले, "आपण होऊन फोन केलात म्हणून तुमचा परवाना अजून या टेबलावर आहे. या चौकटीमुळे तो जाईल."

त्यांनी दुसरा कागद काढला. बाईंचा अहवाल. तारीख एकवीस डिसेंबर, वेळ सकाळची साडेनऊ. म्हणजे माझा फोन ठेवल्या ठेवल्या लिहायला बसल्या होत्या. अक्षर सरळ, कुठे खाडाखोड नाही. 'कारण'च्या चौकटीत लिहिलं होतं:

'उड्डाणाच्या जागेची उंची विचारणे माझे काम होते. मी ती विचारली नाही, स्वतःच सांगितली. या फोनची मी रोज वाट पाहत असे. यादी लवकर आटपून बोलायला वेळ मिळावा म्हणून घाई केली. दुसरे कोणतेही कारण नाही.'

मी ते तीनदा वाचलं. एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या बाईने हे शाईने लिहून, सही करून, वरिष्ठांकडे दिलं होतं. आणि मी तिकडे सवय, चूक, पूर्णपणे माझी, असले शब्द जुळवत बसलो होतो.

"कोरा फॉर्म मिळेल का?" मी विचारलं.

त्यांनी तो आधीच काढून ठेवला होता. मी लिहिलं: 'त्यांना माझी उंची पाठ आहे हे ऐकून मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी टेकडीवर उभा आहे हे विसरलो आणि बरोबर म्हणालो. त्या फोनची मीही वाट पाहत असे. दुसरे कोणतेही कारण नाही.'

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. तोंडावरची रेघ हलली नाही. "आता जुळतंय," म्हणाले, आणि शिक्का मारला.

परवाना साठ दिवस स्थगित, परीक्षा पुन्हा. रद्द नाही! उरलेले दोन किलोमीटर साहेबांच्या दोन माणसांबरोबर मी ओहोटीला पायी मोजणार आहे, दोर घेऊन. चिखलात रुतलो तरी चालेल. आणि केंद्राची यादी बदलणार: यापुढे तिकडच्या माणसाने उत्तर आपण होऊन सांगायचं नाही, फक्त विचारायचं.

बाहेर आलो तर बाकावर एक बाई बसल्या होत्या. केसांत बरंच पांढरं, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी ओळखलं नाही. त्यांनी शिपायाला विचारलं, "माझा नंबर कधी?" आणि मी जागच्या जागी थांबलो.

"मॅडम."

त्यांनी वर पाहिलं. "मोजणीदार?" मग लगेच, "तुम्ही खोटं का लिहिलंत? मला काल दाखवलं त्यांनी. माझी चूक तुम्ही कशी काय घेऊन गेलात?"

"तुमची नोकरी जाईल वाटलं."

"माझी नोकरी खरं लिहून घेण्याचीच आहे हो." रागावल्या होत्या, पुरत्या. गाल लाल झाले होते. "मला किती वाईट वाटलं असेल? मी सगळं लिहून बसले, आणि तुमच्या कागदात मी कुठेच नाही."

"आत्ता दुसरा फॉर्म लिहून आलो," मी म्हणालो.

"काय लिहिलंत?"

"तुम्ही लिहिलंय तेच. आकडे तेवढे माझे."

त्यांचे पिशवीवरचे हात सुटून मांडीवर आले. शिपायाने त्यांचा नंबर पुकारला. त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मागे वळल्या.

"तुम्हाला घाई आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "साठ दिवस अजिबात नाही."

तेव्हा त्या हसल्या. ते हसू कसं दिसतं हे मला आज कळलं. ऐकून मी निराळंच धरलं होतं.

त्यांना आत जाऊन चाळीस मिनिटं झाली. मला आनंद झालाय, हे लिहून टाकतो. आज परवाना स्थगित झाला, बांधावर चिखल तुडवायचाय, आणि मला आनंद झालाय. ताईला फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल. तिने कुठे आहेस, का, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "जेवायला दोघं की तिघं?"

मी म्हणालो, थांब, विचारून सांगतो.